झिजलेला रिमोट आणि कापलेला पगार

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. दिवसभर पाऊस कोसळत होता. रात्री साडेदहाला धाकटा कामावरून आला, छत्री दाराशी टेकवली आणि तसाच मोरीत गेला. एरवी आल्या आल्या "आई, काय केलंयस गं?" म्हणत पातेल्यांवरची झाकणे उघडून बघणारा मुलगा त्या रात्री ताटावर बसूनही गप्प होता. भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि मान खाली घालून म्हणाला, "या महिन्यात तीन हजार कमी येतील."

तेव्हा तो वाशीच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. सकाळी कॉलेज आणि दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत कोपरखैरण्यातल्या एका गेम पार्लरमध्ये काम. गेम पार्लर म्हणजे टीव्हीला खेळाचे यंत्र जोडून तासाच्या हिशेबाने मुलांना खेळू देण्याचे दुकान. पगार सात हजार. त्यातून फी, रेल्वेचा पास आणि मोबाईलचा खर्च भागवून तो दर महिन्याला दोन हजार माझ्या हातात ठेवायचा. तीन हजार कापले म्हणजे घरात पैसे तर येणार नव्हतेच, उलट फीसाठी आमच्यापुढे हात पसरायची वेळ त्याच्यावर येणार होती.

मालकांचे म्हणणे असे, की तुझ्या पाळीत दोन रिमोट बिघडले. तू पोरांवर लक्ष ठेवत नाहीस, पोरे रिमोट आपटतात. नवा रिमोट पाच हजारांच्या घरात जातो. मी प्रत्येकी दीडच हजार कापतोय, बाकीचे मीच सोसतोय.

आमचे मिस्टर एपीएमसी मार्केटात माथाडी कामगार आहेत. दिवसभर गोणी उचलून आलेला माणूस. ते एकदम चिडले. "उद्यापासून जाऊच नकोस तिथं," म्हणाले. मुलगा म्हणाला, "गेलो नाही तर चालू महिन्याचे सगळेच बुडतील." दोघांचे सुरू झाले. मी म्हटले, "अहो, जरा थांबा. रिमोटला झालंय काय, ते तरी बघू द्या. काय बिघडलं ते कळल्याशिवाय चूक कोणाची हे कसं ठरवायचं?"

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, तुला काय कळणार त्यातलं?"

तो उर्मटपणे बोलला नाही. खरोखरच त्याला तसे वाटत होते. आणि त्यात त्याची चूकही नव्हती. मी एकोणीस वर्षांची असताना, १९८८ साली, महापे भागातल्या एका इलेक्ट्रॉनिकच्या कारखान्यात लागले. तेव्हा इकडे रेल्वे नव्हती. नवी मुंबई पालिकेची बस १९९६ साली सुरू झाली आणि ठाणे-वाशी लोकल तर २००४ मध्ये. आम्ही पाच-सहा जणी डबा पिशवीत घालून चालत जायचो. रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या बोर्डांवर सुटे भाग बसवायचे आणि सोल्डरिंग करायचे, हे आमचे काम. चौदा वर्षे मी ते केले. २००२ मध्ये कारखाना बंद पडला. धाकट्याचा जन्म त्यानंतरचा. त्याने मला पाहिले ते लोकांच्या घरी पोळ्या करताना आणि शिलाई मशीनवर बसलेली. "आई पूर्वी कारखान्यात जायची" एवढेच त्याला ठाऊक. कारखान्यात आई काय करायची, हे त्याने कधी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांची परवानगी घेऊन त्याने दोन्ही रिमोट घरी आणले. मालक म्हणाले होते, "टाकूनच द्यायचेत, ने." कंपनी नावाजलेली होती, पण नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. कारण हे दुखणे एका कंपनीचे नाही.

या रिमोटवर दोन अंगठ्यांसाठी दोन लहान दांड्या असतात. दांडी पुढे ढकलली की खेळातला माणूस पुढे चालतो, डावीकडे ढकलली की डावीकडे वळतो. बोट काढले की स्प्रिंगमुळे दांडी आपोआप मध्यावर येते आणि माणूस थांबतो. बिघाड असा होता, की बोट काढले तरी माणूस थांबत नव्हता, आपला डावीकडे सरकत राहायचा. मुले याला "ड्रिफ्ट" म्हणतात. नाव सोडलेली होडी जशी पाण्याबरोबर वाहत जाते, तसे.

मी मुलाला पहिला प्रश्न विचारला, "हा रिमोट दुसऱ्या यंत्राला जोडून पाहिलास का?" पाहिला होता. तिथेही तेच होत होते. आणि चांगला रिमोट या यंत्राला जोडला तर तो नीट चालत होता. म्हणजे दोष टीव्हीत नाही, खेळात नाही आणि यंत्रातही नाही. तो रिमोटमध्येच आहे. कोणत्याही वस्तूचा दोष शोधताना ही पहिली पायरी. आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर नवी मुलगी आली की तिला आधी हेच शिकवत.

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला एक जुना लॅपटॉप घरात आहे. रिमोट चार्जिंगच्या वायरने त्याला जोडला की दांडी कुठे आहे ते आकड्यांत दिसते, असे मुलाने दाखवले. पूर्ण डावीकडे उणे एक, पूर्ण उजवीकडे अधिक एक आणि मध्यावर शून्य. आम्ही रिमोट पाटावर ठेवला आणि हात लावला नाही. पहिल्या रिमोटचा आकडा एका जागी ठरत नव्हता. ०.०३, ०.११, ०.०५ असा नाचत होता. दुसऱ्याचा मात्र उणे ०.१७ वर जाऊन बसला होता. दांडी टिचकी मारून सोडली की दर वेळी नवा आकडा. एकदा उणे ०.१४, एकदा उणे ०.२१. शून्यावर तो काही येईना.

तो नाचणारा आकडा पाहिला आणि मला एकदम रेडिओची खरखर आठवली.

ज्या वाचकांच्या घरी जुना रेडिओ होता, त्यांना आठवत असेल. आवाज वाढवायची गोल खुंटी फिरवली की कधीकधी खर्र-खर्र आवाज यायचा. ती खरखर स्पीकरमधली नसते, खुंटीखालच्या भागातली असते. त्या भागाला आम्ही "पॉट" म्हणत असू. आत अर्धगोल काळी पट्टी असते, कार्बनची. तिच्यावरून धातूची बारीक बोटे घासत फिरतात. पट्टीच्या दोन टोकांना दोन पाय आणि फिरत्या बोटांचा तिसरा पाय. बोटे या टोकाला गेली की वीज कमी मिळते, त्या टोकाला गेली की जास्त मिळते. घासून घासून कार्बनची भुकटी पडते, पट्टी झिजते, मध्येच संपर्क तुटतो आणि खरखर ऐकू येते. असे पॉट मी दिवसाला शेकड्यांनी बोर्डावर बसवले आहेत.

मुलाला म्हटले, "या दांडीखाली दोन पॉट असणार. एक डाव्या-उजव्यासाठी आणि एक वर-खालीसाठी." तो म्हणाला, "तू न उघडता कसं सांगतेस?" म्हटले, "उघडून बघ."

माळ्यावर बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात माझी सोल्डरिंगची इस्त्री होती, पंचवीस वॅटची. बरोबर चिमटा, छोटे पेचकस आणि सोल्डर वायरचे अर्धे रीळ. कारखाना बंद झाला तेव्हापासून तो डबा उघडला नव्हता. मिस्टरांनी स्टूल धरले आणि मी डबा काढला. चिमट्यावर थोडा गंज होता, बाकी सारे शाबूत होते.

रिमोटच्या पाठीचे स्क्रू काढले, कडेच्या खाचा हलक्या हाताने सोडवल्या आणि सर्वांत आधी बॅटरीची पिन काढली. ही काळजी प्रत्येकाने घ्यावी. बॅटरी जोडलेली असताना आत पेचकस घालू नये. दोन भागांना जोडणारी पातळ पट्टीसारखी वायर असते, तीही जपून सोडवावी, ओढू नये. बोर्ड बाहेर आला. दांडीच्या पेटीला दोन बाजूंना दोन हिरव्या टोप्या. मुलगा म्हणाला, "दोन पॉट." आणि हसला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसला होता.

पहिल्या रिमोटची हिरवी टोपी पातळ पेचकसाने अलगद उचलली. आत लहान चकती, तिला केसासारखी धातूची बोटे आणि टोपीत कार्बनची पट्टी. सगळ्यावर काळी भुकटी आणि चिकट मळ. पार्लरमध्ये मुले वेफर्स खातात आणि त्याच हाताने खेळतात. घाम, तेल, मीठ, धूळ, सारे आत उतरलेले. शेजारच्या आजी बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोबरेल तेलाचा थेंब टाक, मोकळी होईल दांडी." मी म्हटले, "आजी, तेल टाकलं तर उद्या दुप्पट धूळ चिकटेल." स्टेशनजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणली. कान साफ करायच्या काडीचा कापूस त्यात बुडवून पट्टी हलकेच पुसली. टाचणीने किंवा ब्लेडने खरवडायचे नाही आणि बोटे वाकवायची नाहीत. दहा मिनिटे वाळू दिले, चकती होती तशीच बसवली, टोपी दाबली. लॅपटॉपला जोडले. आकडा ०.०१ वर शांत उभा राहिला. दांडी शंभर वेळा फिरवली, तरी तो मध्यावर परत येत होता. पहिला रिमोट सुधारला. खर्च जवळजवळ काहीच नाही.

दुसऱ्यालाही तसेच केले. तोही सुधारला, असे वाटले. दोन दिवसांनी मुलगा सांगत आला, "आई, परत सुरू झालं." मग मी तो पुन्हा उघडला आणि टोपी दिव्याखाली धरून मिस्टरांच्या वाचायच्या चष्म्याने नीट पाहिली. पट्टीच्या मधोमध काळा थर पातळ होऊन फिकट रेघ पडली होती. दोन्ही टोके मात्र नव्यासारखी.

असे का होते, हे मी मुलाला समजावून सांगितले. स्प्रिंग दांडीला सारखी मध्यावर आणते. खेळताना बहुतेक हालचाली मध्याच्या आसपासच होतात. त्यामुळे बोटे सर्वांत जास्त घासतात ती मधल्याच भागावर. पाट्यावर जिथे रोज वाटण वाटतो तिथेच तो खोलगट होतो, कडेला नाही. मळ असेल तर पुसून जातो, पण झीज पुसून जात नाही. झिजलेल्या जागी विजेचा हिशेब चुकतो आणि यंत्राला वाटते, कोणीतरी दांडी डावीकडे धरून ठेवली आहे. खेळात "डेड झोन" नावाची सूट वाढवता येते, म्हणजे मध्याजवळची थोडी हालचाल यंत्राने मोजायचीच नाही. त्याने काही दिवस निभावते, पण दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. आणि दांडी हलक्या हाताने चालेनाशी होते.

म्हणजे भाग बदलायलाच हवा होता. रविवारी आम्ही मायलेक निघालो. कोपरखैरण्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुट्या भागांसाठी जाणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. कारखान्यात असताना साहेबांबरोबर दोनदा मी तिथे गेले होते. दुकानदाराने दांडीची पेटी काढून दिली, ऐंशी रुपयाला एक. एक बिघडली तर असू दे म्हणून दोन घेतल्या.

दुकानदाराने आणखी एक जात दाखवली, चुंबकाची. तिच्यात काही घासतच नाही. दांडीबरोबर लहान चुंबक फिरतो आणि समोरचा भाग त्याचे चुंबकत्व ओळखून जागा सांगतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली जो गुणधर्म शोधला, त्यावर ती चालते, म्हणून "हॉल इफेक्ट" असे नाव. जपानच्या सेगा कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ड्रीमकास्ट यंत्राच्या रिमोटमध्ये चुंबकाचीच दांडी वापरली होती. म्हणजे न झिजणारी दांडी करता येत नाही असे नाही. ती महाग पडते, म्हणून बहुतेकांनी कार्बनची पट्टीच ठेवली. आमच्याही खिशाला त्या दिवशी कार्बनचीच परवडली.

आता खरी परीक्षा होती. एका दांडीच्या पेटीला चौदा टाके असतात. दोन पॉटचे सहा, दांडी दाबल्यावर चालणाऱ्या बटणाचे चार आणि पेटीच्या पत्र्याचे चार. चौदाही टाके मोकळे झाल्याशिवाय पेटी निघत नाही. माझी इस्त्री तापली, टाक्याला लावली, तरी सोल्डर वितळेना. क्षणभर वाटले, हात विसरला. मग ध्यानात आले. आमच्या वेळचे सोल्डर ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसे असे होते. ते १८३ अंशाला वितळायचे. शिसे विषारी म्हणून युरोपात जुलै २००६ पासून त्यावर बंधने आली आणि आता बहुतेक वस्तूंत शिसेरहित सोल्डर असते. त्याला २१७ अंशांच्या पुढे उष्णता लागते. मी युक्ती केली. माझ्या जुन्या रिळाचे थोडे सोल्डर प्रत्येक टाक्यावर मिसळले. मिश्रण लवकर वितळले. मग तांब्याच्या वेणीने ते शोषून घेतले.

इथे एक गोष्ट भगिनींना सांगावीशी वाटते. शिशाचे सोल्डर वापरले तर खिडकी उघडी ठेवावी, लहान मुलांना जवळ बसवू नये आणि जेवणाआधी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. आम्हाला त्या कारखान्यात हे कोणी सांगितले नव्हते. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, नळ एकच. कित्येक वर्षे आम्ही तशाच हातांनी डबा खाल्ला.

बारा टाके सुटले. तेरावा पत्र्याचा, बोर्डाच्या मोठ्या तांब्याला जोडलेला. तो उष्णता पिऊन टाकत होता. मी घाई केली, पेटी किंचित ओढली आणि पॉटच्या एका पायाखालचे तांब्याचे कडेच उखडून आले. माझ्या पोटात धस्स झाले. मुलगा जवळच उभा होता. परक्याची वस्तू, आणि आता खरोखरच आपल्या हातून बिघडली. त्याला म्हटले, "माझी चूक झाली. घाई नडली." मग ती तांब्याची वाट बोर्डावर कुठे जाते ते शोधले, पुढच्या ठिपक्यावरचा रंग ब्लेडच्या टोकाने खरवडला आणि केसाएवढ्या वायरचा पूल बांधला. हात कापत होता. टाका तिसऱ्या वेळी बसला.

काढलेल्या जुन्या पॉटवर मुलाच्या आयटीआयमधल्या मित्राने आणलेला मीटर लावला. दोन टोकांमध्ये साधारण दहा किलो-ओहम, म्हणजे पट्टी कुठे तुटलेली नव्हती. पण मधला पाय आणि टोक यांच्यात पाच यायला हवे होते, तिथे चारच्या जवळपास येत होते आणि दांडीला नुसते बोट लावले तरी आकडा उडत होता. नव्या पेटीत तोच आकडा पाचाजवळ स्थिर होता. मुलाने दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले. नवी पेटी बसवली, चौदा टाके घातले. लॅपटॉपवर ०.०४. नव्या दांडीचा मध्य जुन्याशी तंतोतंत जुळत नाही, तो कॅलिब्रेशन करून जुळवावा लागतो. मुलाने ते केले आणि आकडा शून्यावर आला.

त्याने मला विचारले, "आई, तू रोज हे करायचीस?"

म्हटले, "रोज. आठ तास. आणि माझ्या टेबलावरून परत आलेला माल सगळ्यांत कमी असायचा."

मग तो बराच वेळ मला कारखान्याबद्दल विचारत बसला. मिस्टरही ऐकत होते.

मालकांकडे मी मुलाबरोबर गेले. भांडायला नाही. दोन्ही रिमोट आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. विचारले, "एक रिमोट दिवसाला किती तास चालतो?" म्हणाले, "दहा तास तरी." म्हणजे महिन्याला तीनशे तास. मुलाने माहिती काढून ठेवली होती. अमेरिकेतील आयफिक्सिट या दुरुस्तीबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये एका नव्या रिमोटची दांडी तपासली. त्या पॉटचे आयुष्य बनवणाऱ्याने २० लाख फेऱ्यांचे दिलेले. एका धावपळीच्या खेळात हालचाली किती होतात ते मोजून त्यांनी हिशेब मांडला, तर ते आयुष्य सव्वाचारशे तासांच्या आतच संपू शकते असे निघाले. घरात रोज तासभर खेळणाऱ्याला ते वर्षभराहून अधिक पुरेल. पार्लरमध्ये दीड महिन्यात संपेल.

दुसरी गोष्ट जपानच्या निन्टेन्डो कंपनीची. तिचे स्विच हे यंत्र २०१७ मध्ये आले. त्याच्या रिमोटांना हेच ड्रिफ्टचे दुखणे जडले. २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी मिळून दावा लावला आणि २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जगभरच्या लाखो घरांतल्या रिमोटांवर काही माझा मुलगा पाळीला नव्हता.

मालक वाचत होते. म्हणाले, "पण पोरं आपटतात हे खरं आहे ना?" मी म्हटले, "आपटलेल्या रिमोटचं प्लास्टिक तडकतं, दांडी वाकडी होते. हे बघा, कुठे तडा आहे? आत मळ आहे आणि झीज आहे. मळ वेफर्सचा, झीज वापराची. तुम्ही ताशी पैसे घेता, त्यात ही झीज धरायला हवी."

कायद्याचेही मी बोलले. मिस्टरांच्या युनियनमधल्या एका जाणत्या गृहस्थांनी ते आधीच समजावून सांगितले होते. नुकसानीबद्दल पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झालेले असले पाहिजे. कापलेली रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. आणि त्याआधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पुष्कळ मुले पार्लरमध्ये, हॉटेलात, मॉलमध्ये, कुरियरमध्ये काम करतात. ग्लास फुटला, पार्सल ओले झाले, की सरसकट पैसे कापले जातात. मुलेही मुकाट्याने सोसतात, कारण त्यांना वाटते की वस्तू आपल्या हातात होती म्हणजे चूक आपलीच.

मालक वाईट माणूस नव्हते. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, त्यांचीही ओढाताण होतीच. म्हणाले, "ठीक आहे, नाही कापत. पण भाग तुम्ही आणलात, त्याचे मी देणार नाही." मी म्हटले, "नका देऊ. पण तुमच्या बोर्डावरचं एक कडं माझ्या हातून उखडलं, तिथं मी वायर टाकली आहे. पुढे-मागे तिथं काही झालं तर मला सांगा." ते माझ्याकडे बघतच राहिले. कदाचित त्यांना वाटले असेल, ही बाई न विचारताच का सांगते. पण मुलाच्या अंगावर जे नव्हते ते आम्ही घेतले नाही, तसे माझ्या अंगावर जे होते ते लपवणेही बरे नव्हे.

आठ दिवसांनी त्यांनीच मुलाच्या हाती आणखी चार रिमोट पाठवले. या वेळी मजुरी ठरवून. नुसते साफ करायचे शंभर, दांडी बदलायची तर भागाची किंमत सोडून अडीचशे. चारपैकी दोन साफ करून चालू झाले, दोनांच्या दांड्या बदलल्या. आता घणसोली आणि ऐरोलीकडूनही अधूनमधून काम येते. फार पैसा नाही, पण पोळ्यांची दोन घरे मी सोडली. मुलाने पार्लरमध्ये दोन नियम केले. टेबलावर ओला रुमाल ठेवलाय, वेफर्स खाऊन हात पुसल्याशिवाय रिमोट नाही. आणि प्रत्येक रिमोटवर नंबर टाकून तो किती तास चालला ते वहीत लिहायचे.

वाचकांनी घरी असा बिघाड आला तर घाईने नवी वस्तू घेऊ नये. आधी दुसऱ्या यंत्राला जोडून पाहावे. मग स्वच्छ करून पाहावे. त्यानेही भागले नाही तर भाग बदलावा. वॉरंटी चालू असेल तर मात्र उघडू नये, पावती घेऊन कंपनीकडेच जावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. वस्तू विकणाऱ्याने तिची दुरुस्ती ग्राहकाला शक्य करून द्यावी, हा विचार आपल्या देशातही रुजू लागला आहे.

आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या माझ्या बहिणींना एवढेच सांगणे आहे. महापेला ज्या रस्त्याने आपण चालत गेलो, तिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. आपले कारखाने गेले. पण आपण तिथे काय करत होतो, हे आपल्या मुलांना सांगा. मी चोवीस वर्षांत सांगितले नव्हते. तो पत्र्याचा डबा आता माळ्यावर नाही, शिलाई मशीनच्या खणात आहे. धाकट्याचे टाके अजून जाड पडतात, पण दहातले सात बरे येतात.